आभार वैशालीचे, आणि माझेही

आज डोंबिवलीत नागरिकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाचं शिक्षक-प्रशिक्षण होतं. शिकवायला आम्ही दोघी: मी आणि कोपरीची वैशाली.

सकाळी मी स्लाईड्स दाखवून अख्खा अभ्यासक्रम समजावला. शिक्षक जांभया देत होते.

दुपारी वैशालीने त्यांनाच विद्यार्थी केलं आणि वर्गात सोसायटीची मीटिंग भरवली. विषय पाण्याचा. म्हणे, लोकशाही अशी शिकवा! रिटायरमेंटला आलेले एक सर तर बाकावर चढून भांडले.

शेवटी आभारप्रदर्शनाला तेच सर उठले. "वैशाली मॅडमनी डोळे उघडले! आणि प्रोजेक्टर लावून दिल्याबद्दल जोशी मॅडमचेही आभार."

जोशी मॅडम म्हणजे मी. जळून कोळसा झाले नुसती!

उद्या वर्तकनगरला मी एकटीच शिकवणार आहे. तीच मीटिंग भरवणार. खरं सांगा, तुम्ही वैशालीचं नाव घेतलं असतंत?