गांडुळांचं पथ्य

स्नेहलताबाईंच्या घरात काही म्हणून वाया जात नसे. पुण्यात जात नव्हतं, आणि यजमान मोरेश्वरराव गेल्यावर त्या लेकाकडे, सातासमुद्रापार हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरात राहायला आल्या तर तिथेही जाईना. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन त्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या. सून अस्मिता फार्मसिस्ट, स्वभावाने गरीब, पण त्या पिशव्या दिसल्या की तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. लोक काय म्हणतील, असं ती गंधारला म्हणे. गंधार बायकोचंही ऐकायचा आणि आईचंही, त्यामुळे पिशव्या दोरीवरच राहिल्या.

लोक म्हणजे शेजारची बेव्ह. पंचाहत्तरीची, एकटी, भर थंडीतही जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बागेत हिंडणारी बाई. तिने एकदा कुंपणावरून या पिशव्या पाहिल्या आणि आपल्या दोरीकडे बोट दाखवलं. तिथेही चार पिशव्या वाळत होत्या. दोघी हसल्या आणि ओळख झाली. बाईंचं इंग्रजी बेताचं, बेव्हचं अर्धं नाकात, पण शिळ्या ब्रेडचं काय करावं हे सांगायला अशी कितीशी भाषा लागते? फीजोआच्या दिवसांत तिकडून बादलीभर हिरवी, पेरूसारखी फळं यायची, इकडून मुरंबा जायचा.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात बेव्हच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आधी ती काठी टेकत आली आणि गंधारकडून एक काळी पेटी उचलून आणवली. आत खतासाठी पाळलेली गांडुळं. तिचा नवरा रॉन याने सुरू केलेली ती पेटी, तो गेल्यापासून ती एकटी सांभाळत होती. मी परत येईपर्यंत बघशील का, असं तिने विचारलं.

बाईंना एकदम भरून आलं. या देशात आल्यापासून सगळे त्यांनाच सांभाळत होते. एकट्या बसने जाऊ नका, फोन उचलू नका, ओव्हनला हात लावू नका. त्यांच्यावर कुणी काही सोपवलंय असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही जितेजागते जीव. त्यांनी मानेनेच हो म्हटलं आणि यांना खायला काय, असं विचारलं. बेव्ह म्हणाली, "स्क्रॅप्स."

बेव्ह गेल्यावर त्यांनी नातीला, ऋचाला, अर्थ विचारला. मराठी तिला सगळं समजे, उत्तरं मात्र इंग्रजीत. ती म्हणाली, "लेफ्टओव्हर फूड, आजी. लाइक... उरलेलं."

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. कारण त्या घरात काही उरतच नव्हतं. सालीसुद्धा माणसांच्याच पोटात जात. पण शेजारणीचे जीव उपाशी ठेवायचे? छे. ज्या बाईने जन्मात भाताचं शीत वाया घालवलं नाही, ती आता गांडुळांसाठी मूठभर तांदूळ जास्त लावू लागली. भात, त्यावर हिंग-मोहरीची फोडणी दिलेलं वरण, लसणाची फोडणी असलेली भाजी, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. पाहुण्यांना कोरडं कसं वाढायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

आठवड्याने पेटीला आंबूस वास सुटला. झाकण काढलं तर गांडुळं भिंतीवरून वर चढून बाहेर पडायच्या धडपडीत होती, कित्येक निपचित पडलेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बेव्हला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्या मागच्या पायरीवर बसल्या.

अस्मिताने फोनवर शोधलं. रागावली नाही, शेजारी बसून वाचून दाखवलं. मीठ नको, तेल-तिखट नको, आंबट नको, कांदा-लसूण नको. बाई ऐकत राहिल्या.

"अगं, हे तर यांचंच पथ्य," त्या म्हणाल्या.

मोरेश्वररावांची किडनी बिघडल्यावर नऊ वर्षं त्यांनी अळणी रांधलं होतं. ते आठवून डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. दोघींनी मिळून आंबलेला थर काढला, वर्तमानपत्राच्या पट्ट्या ओल्या करून पसरल्या, वर दुधीच्या आणि गाजराच्या साली बारीक चिरून घातल्या. दोडक्याच्या शिरांची चटणी त्या महिन्यात झाली नाही. शिरा पाहुण्यांकडे गेल्या. तळाशी दडून राहिलेली गांडुळं हळूहळू वर आली, पण निम्म्याहून जास्त गेली ती गेलीच. बाईंच्या मनातून ते जाईना.

बेव्ह घरी आली त्या दिवशी बाई पेटी गंधारकडे देऊन तिच्या दारात गेल्या. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "बेव्ह, आय कुक्ड फॉर देम. राइस, दाल, सॉल्ट, ऑइल, पिकल. मेनी डाइड. आय ॲम सॉरी."

बेव्हने झाकण उचललं, पट्ट्या बाजूला करून कितीतरी वेळ आत पाहिलं. तिथे गांडुळं होती, बारीक, लाल, कामात गढलेली. रॉनच्या हातची त्यातली किती उरली असतील कोण जाणे. मग तिने बाईंकडे पाहिलं. तिने काय विचारलं ते बाईंना नीट कळलं, कारण ते तिने सावकाश विचारलं. तू त्यांच्यासाठी खरंच जेवण रांधलंस?

बाईंनी मान हलवली. बेव्ह हसायला लागली, टाके दुखतील म्हणून खुबा धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. रॉन गेल्यापासून माझ्यासाठी कुणी रांधलं नाही गं, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला. परक्या मुलखात देवाने हे शेजारचं घर दिलं म्हणून त्यांनी मनोमन त्याचे आभार मानले. मग बेव्हने डोळे पुसले आणि गंधारला पेटी परत न्यायची खूण केली. मला वाकता येईपर्यंत ती तुझ्याकडेच राहू दे, ती म्हणाली. आणि दार लावता लावता तिने हळूच विचारलं, ते वरण-भात की काय, ते थोडं मला मिळेल का?

"मीठ घालून," ती म्हणाली. "लोणच्यासकट."