बायकोची पुडी

डॉ. रझिया मॅडमची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागावण्यातूनच झाली. मी कॅज्युअल्टीत नवीन परिचारिका होते. पोट दुखतं म्हणून आलेल्या एकाने हळूच खरा त्रास सांगितला, लघवीतून पू जातो. मी म्हटलं, "ही काय इमर्जन्सी आहे? उद्या ओपीडीत या." तो निघून गेला. मॅडम कडाडल्या, "उद्या येते का तो? गुप्तरोगाच्या पाटीखाली अख्ख्या गावासमोर बसन का?" तो खरंच आला नाही.

असे रुग्ण मॅडम स्वतःच बघत. औषध समोर गिळायला लावत, बायकोला आणायला सांगत आणि ती येणारच नसेल तर तिच्यासाठी गोळ्यांची पुडी देत. "अपघाताचे पेशंट बघायचे की हे?" अशी कुरकुर सहकारी करत. मॅडम दोन्ही बघत.

महागावकडचा एक मेकॅनिक अशीच पुडी घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी तोच त्रास घेऊन परत आला.

"बायकोनं पुडी घेतली का?" मॅडमनी विचारलं.

"मीच खाल्ली जी. डबल डोसनं लवकर फरक पडते म्हटलं. तिले तं काहीच होऊन नाही राह्यलं, तिले कायले औषध?"

बायको सात महिन्यांची गरोदर आहे, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, त्रास नसला तरी रोग तिच्यातही असन! बाळंतपणात लेकराच्या डोळ्यात गेला तं डोळे जातीन त्याचे, तुह्यापायी! गाडीची चाबी दे इकडं. बायकोले आण, मग घेऊन जाय."

असली जप्ती कुठल्या नियमात बसत नाही आणि मला ती पटलीही नव्हती. पण तो एसटीने गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. मॅडमनी त्याला बाहेर बसवलं आणि तिला सगळं स्पष्ट सांगितलं.

"माह्या लेकराले दिसन ना?" तिने विचारलं.

"आज औषध घे, दिसन. बाळंतपणालेही इथंच ये. मी आहो."

तिने गोळ्या गिळल्या. चावी मॅडमनी तिच्याच हातात दिली.

पुढे ती तीन महिन्यांची लेक दाखवायला आली. पोर मॅडमच्या चष्म्याकडे टकामका बघत होती. एरवी सगळ्यांवर ओरडणाऱ्या मॅडम त्या दिवशी रडल्या.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो आणि कधी तरी गरम चहा प्यायची सवडही मिळो. त्यांचं टेबल सध्या माझ्याकडे आहे. परवापासून ड्रॉवरमध्ये मी एका पेशंटकडून काढून घेतलेली गाडीची चावी पडून आहे. मॅडम, तो अजून बायकोला घेऊन आलेला नाही. फोन चालू ठेवा.