आक्काच्या दगडावरचं अक्षर

माझे भावोजी थान बोवेन यांनी शिआनमध्ये जन्मभर एकच काम केलं. जुन्या शिलालेखावर ओला कागद बसवायचा, शाईचा बोळा हलक्या हातानं थापटायचा आणि दगडावरचं अक्षर कागदावर उतरवून घ्यायचं. घरी आले की जुन्या काळच्या थोर लेखनकारांची तीच अक्षरं कुंचल्यानं गिरवत बसायचे. यान चनछिंगचं भारदस्त, ओउयांग शुनचं काटेकोर, लिऊ गोंगछुआनचं हाडकुळं. दुकानदार ज्याचं मागतील त्याच्या वळणात पाटी लिहून द्यायचे, पण खाली स्वतःचं नाव कधी घातलं नाही. मला या माणसाच्या संकोचाचा भारी राग यायचा.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण रोंग, आमची आक्का, चाळीस वर्षं चित्रांना नि लेखांना मागून कागद चिकटवून गुंडाळ्या करायची. तिची नजर फसणं शक्यच नव्हतं. तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं भावोजींकडे एकच मागितलं.

"आपल्या थडग्याच्या दगडावरचं तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात. आणि मी आहे तोवर लिहा, मला बघायचंय."

आमच्याकडे असं बोलणं कुणाला अभद्र वाटत नाही. भावोजी त्याच दिवशी लिहायला बसले.

"हा यान," आक्का उशीवरूनच म्हणाली. दुसऱ्या दिवशी, "हा लिऊ. अहो, माझा नवरा कुठाय?"

भावोजी हसले आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडले. "मला माझं अक्षरच नाही गं," म्हणाले. मी पेज ढवळत राहिले. आक्काच्या पोटात तेव्हा बाजरीची पातळ पेज दोन चमचेच जात होती.

जोडप्याच्या दगडावर दोघांचीही नावं असतात, मागे राहिलेल्याचं लाल रंगात. आठव्या दिवशी पेज उतू जायच्या बेतात असताना भावोजींनी जागेचा अंदाज घ्यायला स्वतःचं नाव घाईघाईत लिहिलं. आक्कानं त्यावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

"कुणाचं असणार? जागा मोजायला खरडलंय."

"माझंही असंच खरडा."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि तिचं नाव लिहिलं. शेवटची रेघ खाली घसरली. ते कागद चुरगळायला गेले, तर तिनं त्यांचं मनगट धरलं. त्या नावावरून तिनं सावकाश बोट फिरवलं.

"एक रेघ धड नाही," ती समाधानानं म्हणाली. "हेच कोरा."

चार दिवसांनी ती गेली.

पाथरवट म्हातारा, मनानं चांगला माणूस. भावोजींवरच्या मायेनंच त्यानं ती घसरलेली रेघ दगडावर खडूनं सरळ करून ठेवली होती. "थान गुरुजी, दुःखात हात थरथरला असेल तुमचा. यानच्या वळणावर घेतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

इतक्या वर्षांत भावोजींचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी म्हाताऱ्याचा छिन्नीचा हात घट्ट धरला.

"त्या रेघेला हात लावू नका! ती तिनं पाहिलीय."