जन्माची खिडकी

जुनी मंडळी गप्पांना बसली, की कुणी शाळेतले किस्से काढतं, कुणी कोर्टातले. मला मात्र सगळे हात जोडतात. 'तू सुरू झालास की जेवायची वेळ टळते!' माझा काय दोष? मी नोकरी केली ती जन्म-मृत्यूच्या नोंदीवर. तिथं किस्से शोधावे लागत नाहीत. ते खिडकीशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, 'साहेब, इथंच लिहून घेतात का?'

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. उस्मानाबादेत नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात मी नवा कारकून आणि हेडक्लार्क करीमसाब. काळी टोपी, पिकलेली दाढी. दफ्तर उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर बाराखडी गिरवलेला माणूस. अक्षर माझ्यापेक्षा देखणं!

* * *

एकदा कुंभारगल्लीतला नामदेव धापा टाकत आला. 'पोरगं झालं, लिव्हा!'

करीमसाबांनी लिहून घेतलं. शाई वाळते न वाळते, तोच त्याचा धाकटा भाऊ पळत आला.

'दादा, थांब! मागून पोरगी बी आली!'

नामदेव मटकन खाली बसला. करीमसाबांनी शांतपणे खालच्या ओळीत पोरीची नोंद केली आणि बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

'बेटा, अब जल्दी घर को जाव. तू यां ठैरा तो मेरा रजिस्टर भर जाता!'

* * *

दर महिन्याला आमचे आकडे वरच्या कचेरीत जायचे. एकदा नवे साहेब तपासणीला आले. कागद पाहून कपाळाला आठी.

'या महिन्यात जन्म कमी दिसतात. पुढच्या महिन्यात सुधारणा हवी!'

आम्ही सगळे खाली मान घालून. करीमसाब अदबीनं उभे राहिले.

'हुजूर, आम्ही फक्त लिहून घेतो.'

साहेब आधी लाल झाले, मग इतके हसले की बशीतला चहा सांडला. निघताना दारात थांबून हळूच म्हणाले, 'तसं... पुढच्या महिन्यात एक नोंद आमच्या घरचीही येईल.'

'मग झालीच की सुधारणा!' करीमसाब म्हणाले.

* * *

महादेव नावाचा अडत्या बाळाच्या दोन्ही आज्यांना घेऊन आला होता. त्याची सासू अणदूरची, घरात कानडी बोलणारी. तिला नाव हवं बसम्मा. त्याच्या आईला हवं भवानी. पोरगी सासूच्या पदराखाली गाढ झोपलेली आणि या दोघी खिडकीवर हमरीतुमरीला आलेल्या!

मी म्हणालो, 'बापाला तरी विचारा की!'

दोघी एकदम वळल्या. 'त्याला काय कळतंय!'

सकाळपासून तेवढं एकमत झालं.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण सांगायचा राहू नये.

बेंबळीहून येऊन गावात हमाली करणारा एक तरणा माणूस होता. लेकीची नोंद केली, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला होता. काही दिवसांनी तो पुन्हा आला आणि नुसताच उभा राहिला. करीमसाबांनी काही न विचारता मृत्यूची वही ओढली.

लिहून झाल्यावर तो म्हणाला, 'साहेब, आता त्या वहीतलं खोडताल का?'

'नहीं बेटा.'

'नका खोडू. आली तर व्हती की आमच्याकडं.'

करीमसाबांनी जन्माची वही उघडून त्याच्यापुढं सरकवली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याचं बोट धरलं आणि नावावर टेकवलं. तो तसाच उभा राहिला. मागं रांग होती, पण कुणी घाई केली नाही.

* * *

आणि ही तामलवाडीची म्हातारी. लेकाकडं राहायला आलेली. काठी टेकत एकटीच आली.

'माजी नोंद करा.'

'कसली, आजी?'

'जल्माची!'

मी हसू दाबलं. 'आता कशाला हवी?'

'म्या मेले की तुमी लिव्हनार न्हवं? जलमलेच न्हाय, तर मेले कशी म्हनताल?'

इतक्या जुन्या नोंदीला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, असं मी सांगू लागलो. करीमसाबांनी मला हातानंच गप्प केलं. कोरा कागद घेतला, टाक शाईत बुडवला.

'बोला अम्मा. बच्चीचं नाव?'

'कृष्णाबाई.'

'ते सासरचं. आई काय म्हणायची?'

म्हातारीनं खिडकीचे गज धरले. मग तोंडाला पदर लावून, लाजत म्हणाली, 'साळू.'

करीमसाबांनी एकेक अक्षर कोरून लिहिलं. फुंकर मारून कागद तिच्या हातात दिला. मग खुर्चीतून उठले आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

'मुबारक हो! मुलगी झाली!'