मामांचं पझेशन

सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर मी सहज आडवा झालो आणि माझे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबकळायला लागले. माहिती सांगणारी मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. "उठा जावईबापू," माझ्या बायकोचे मामा म्हणाले, "खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड करून घेतात. त्यावर झोपून बघणारे पुण्यात तुम्ही पहिलेच."

पुण्यात घर घेणाऱ्यांपेक्षा घर बघणारे जास्त, आणि बघणाऱ्यांत मामांचा हात धरेल असा माणूस मुठेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. दर रविवारी पूजा उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कुठलं ना कुठलं बांधकाम बघायला निघत. "काका, बजेट किती?" असं कुणी विचारलंच, तर "बजेट नाही, वेळ आहे" म्हणून पुढच्या खोलीत शिरत. आम्ही घर शोधतोय हे कळल्यावर त्यांनी मला शिष्यच करून घेतलं. "कार्पेटमध्ये आपण राहतो, बिल्ट-अपमध्ये भिंती राहतात आणि सुपर बिल्ट-अपमध्ये लिफ्ट, जिना नि वॉचमनची खुर्ची. पैसे सगळ्यांचे आपण भरायचे." फ्लोटिंग व्याजदर? "पूर आला की आपणहून घरात शिरतो. ओसरला की बाहेर काढायला अर्ज करावा लागतो." आणि गृहकर्ज म्हणजे आपल्याच घरात राहायला बँकेनं दिलेली परवानगी.

एका शब्दाशी मात्र ते अडत. पझेशन म्हणजे काय विचारलं, की चष्मा पुसत बसत. हडपसरला त्यांनी नि मामींनी फ्लॅट बुक केला होता. पुढच्या दिवाळीत ताबा, पुढच्या दिवाळीत ताबा, असं ऐकता ऐकता मामी गेल्या. इमारत अजून बिनखिडक्यांची उभी आहे आणि मामा कर्वेनगरला भाड्यानं राहतात. कुठलाही फ्लॅट बघितला, की शेवटी ते स्वयंपाकघरात जात, ओट्याला खेटून उभे राहत आणि मामींच्या कमरेच्या उंचीला येणारं शर्टाचं बटण बोटात धरून ओट्याची उंची जोखत. "तिला उंच पडला असता," एवढंच म्हणत.

आम्हाला घर मिळालं. गृहप्रवेशाला मामा एक कोरं पातेलं घेऊन आले. काठाशी मामींचं नाव घातलेलं. हडपसरच्या घरात पहिलं दूध उतू घालायला मामींनी हौसेनं घेऊन ठेवलं होतं. "नुसतं पडून होतं," मामा म्हणाले. हिनं त्यांनाच शेगडीपाशी उभं केलं. दूध चढलं, काठाशी आलं, आणि मामांनी चपळाईनं गॅस बंद केला.

"अहो मामा! उतू जाऊ द्यायचं होतं!" मी ओरडलो.

"हो की," मामा ओशाळले. "जन्मभर ती आतून ओरडायची हो, लक्ष ठेवा, दूध जाईल..."

हिनं गॅस पुन्हा लावला. या वेळी मामांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. दूध भरभरून उतू गेलं. मग हळूच ओट्याला खेटून त्यांनी बटण धरलं. "हा बरोबर झाला असता," म्हणाले.

संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवून मी वर आलो, तेव्हा ही पातेलं घासत होती. वळून न बघता म्हणाली, "मागची खोली मामांची. विचारायला जाऊ नका, कार्पेट एरिया मोजत बसतील. सरळ सामान घेऊन या."