उजव्या नळातला धूर

हेस्टर ग्विलियम रोज सकाळी शाल लपेटून दारासमोरच्या वाटेवर येई आणि मान वर करून छपराकडे बघे. देवाकडे नव्हे, ते काम ती रविवारी चॅपलमध्ये करी. ती बघे शेजाऱ्याच्या धुराड्याकडे. तिथून धूर निघताना दिसला की आत जाऊन कॅलेंडरात त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारायची. दोन वर्षांत अशा फुल्यांनी पानंच्या पानं भरली होती. तिच्या लेखी प्रत्येक फुली म्हणजे सिरिल टिटलीचं एकेक खोटं होतं.

तसं घर एकच. आमच्या श्रॉपशायरच्या डोंगरउतारावर, हॉपली गावाच्या वरच्या टोकाला असलेलं जुनं शेतघर. कुणीतरी कधीतरी मधोमध भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केली. डावीकडे हेस्टर, उजवीकडे सिरिल. दोघांचे जोडीदार मागेच गेलेले, दोघांनी शाळेत एकाच बाकावर दिवस काढलेले. छपराच्या मध्यावर विटांचं एकच जाडजूड धुराडं, आणि त्याच्या माथ्यावर मातीचे दोन नळ. डावा तिचा, उजवा त्याचा.

सिरिलने विजेचे हीटर बसवून घेतले होते आणि शेकोट्यांची तोंडं फळ्या ठोकून बंद केली होती. आपण घरात काडीसुद्धा पेटवत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. वर तक्रार करी की हेस्टरच्या शेकोटीचा वास आपल्या झोपायच्या खोलीत येतो, सकाळी डोकं जड होतं, अंथरुणातून उठवत नाही. चॅपलमध्ये तो बसल्या बसल्या पेंगू लागला की हेस्टर बाजूच्या बाईला कोपराने ढोसून म्हणे, शनिवारची अजून उतरलेली नाही. काडी पेटवत नाही म्हणणाऱ्याच्या नळातून धूर निघतो, हे तर ती डोळ्यांनी बघत होती. चोरून काय जाळतो, याचा तिला छडा लागत नव्हता. त्यावरून एकदा वाजलं, आणि दोघांमधलं बोलणं बंद झालं.

आगीबद्दल हेस्टरला कुणी शिकवावं, असा माणूस आमच्या खोऱ्यात नव्हता. चौदाव्या वर्षी ती मोठ्या हवेलीत कामाला लागली. तिथे अकरा शेकोट्या होत्या. उजाडायच्या आत गुडघ्यांवर बसून राख काढायची, लोखंडी जाळी काळ्या रंगाने घासून चकचकीत करायची, आणि मालकांचे डोळे उघडायच्या आत खोलीत जाळ खेळता झालेला असायचा. सफरचंदाचं लाकूड कसं गोड जळतं, एल्म झाडाचं ओलं लाकूड कसं रुसून बसतं, हे तिला नाकाने कळे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची शेकोटी क्वचितच पूर्ण विझली असेल. झोपताना निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख बाजूला सारून फुंकर घालायची. आगीला तोंड असतं, ती म्हणे. माणूस एकटं असलं तरी समोर कुणीतरी बसलेलं असतं.

धुराडं साफ करण्याची रीतही तिला माहेरापासून ठाऊक. तिचे वडील दोराच्या मध्यावर हॉलीचं काटेरी झुडूप बांधत. ते छपरावर, आई शेकोटीपाशी, आणि झुडूप वर-खाली, वर-खाली. पुढे ईनॉक बेलिस सायकलवरून येऊ लागला, खांद्यावर वेताच्या काठ्यांचा भारा घेऊन. शेकोटीपुढे चादर टांगायची, काठीला काठी जोडत ब्रश वर ढकलायचा, आणि शेवटच्या काठीला तो हेस्टरला म्हणायचा, जा बाई, बघून ये. मग तिने वाटेवर जाऊन उभं राहायचं. नळातून काळा ब्रश फुलासारखा उमलून बाहेर आला की ओरडून सांगायचं. घरच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी ब्रश बघितल्याशिवाय काम झालं असं इथे कुणी मानत नसे. खाली पडलेली काजळी पोत्यात भरून ईनॉक कांद्याच्या वाफ्यांना खत म्हणून ठेवून जाई.

ईनॉक गेल्यावर चार वर्षं तिने आपल्या धुराड्याला कुणाचा हात लागू दिला नाही. नव्या माणसांवर तिचा भरवसा नव्हता.

मग घरमालकाच्या ऑफिसचं पत्र आलं. शेजाऱ्यांची तक्रार आहे. महिन्याच्या आत धुराडं साफ केल्याचा दाखला द्यावा, नाहीतर शेकोटी विटांनी बुजवून हीटर बसवण्यात येईल. हेस्टरने पत्र दोनदा वाचलं. सिरिल, ऑफिस आणि येणारा धुराडेवाला, हे सगळे एकाच ताटात जेवतात, अशी तिची खात्री झाली.

डीन मॅडॉक्स आला तो गाडी घेऊन. एक गुरगुरणारं यंत्र, लवचिक काठ्या, फिरणारा ब्रश, आणि काजळी गिळणारी मोठी नळी. हेस्टरने सकाळी निखारे एका कोपऱ्यात लोटून राखेखाली झाकले होते, ते पुरते विझवायला तिने साफ नकार दिला. खुर्ची ओढून ती त्याच्या हाताशी बसली. माझी काजळी कुठे नेणार, तिने विचारलं. टाकून देतो, तो म्हणाला. कुणाच्या बागेत, तिने विचारलं. तो हसला. तिला ते हसणं आवडलं नाही.

थोड्या वेळाने त्याने यंत्र बंद केलं आणि झालं म्हणाला.

"ब्रश बाहेर आला?"

"आला असणार. काठ्या मोजूनच घातल्यात, मिसेस ग्विलियम. हल्ली कुणी बघत नाही."

"मी बघते."

म्हातारीची हौस म्हणून त्याने पुन्हा काठ्या जोडल्या. हेस्टर वाटेवर जाऊन उभी राहिली आणि डाव्या नळावर नजर रोवली. आत यंत्र गुरगुरत होतं. नळाच्या काठावर करड्या मानेचे दोन कावळे बसले होते, ते जागचे हलले नाहीत. ब्रश आला नाही. हेस्टरला मनातून बरंच वाटलं. लबाडी पकडली गेली होती.

तिने खिडकीतून सांगितलं की काही येत नाहीये. तो आतून म्हणाला की ब्रश केव्हाच बाहेर पडलाय, हाताला मोकळं लागतंय. मला डोळे आहेत, असं म्हणून ती वळली, आणि तेवढ्यात तिच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी फिरलं.

ब्रश उजव्या नळातून बाहेर आला होता. सिरिलच्या नळातून. गरगर फिरत होता आणि सिरिलच्या छपरावर काजळी उडवत होता.

क्षणभर तिला वाटलं, ही डीन आणि सिरिलची मिळून काहीतरी चाल आहे. मग ब्रश खाली गेला, आणि पुन्हा त्याच नळातून वर आला. तिला कॅलेंडर आठवलं.

डीन बाहेर आला, वर बघून त्याचा चेहरा उतरला. तुमच्या नळात कावळ्यांनी काटक्या ठासल्यात, तो म्हणाला, आणि आतल्या आडभिंतीची वीट पडलीय. तुमचा धूर शेजारच्या बाजूला जातोय.

"तिकडच्या खोलीत कुणी झोपतं? हा धूर झोपेत जीव घेतो."

हेस्टर तडक वळली. आत जाऊन तिने राखेखालचे निखारे फावड्याने लोखंडी बादलीत भरले, बाहेर आणले आणि त्यावर पाणी ओतलं. मग ती सिरिलच्या दाराशी गेली. अकरा वाजून गेले होते आणि पडदे अजून ओढलेले होते. तिने मुठीने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"काय हवंय?"

"खिडक्या उघड सगळ्या. आणि बाहेर ये."

"कशासाठी?"

"तो धूर माझा होता."

सिरिल दाराच्या चौकटीला टेकला. त्याचा रंग राखेसारखा झाला होता. "रोज सकाळी छपराकडे बघत उभी असायचीस," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, हे घर कधी रिकामं होतंय त्याची वाट बघतेस."

"मला वाटलं, तू चोरून टायर जाळतोस."

त्याने साखळी काढली.

धुराड्यात पोलादी नळी बसेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तोवर हेस्टर दुपारी सिरिलच्या स्वयंपाकघरात हीटरपाशी बसे आणि बिनतोंडाच्या उबेला नावं ठेवी. सिरिल आता सातला उठू लागला होता आणि तिला चहा फिका देत होता, असं तिचं म्हणणं.

डीन शेवटची सफाई करायला आला तेव्हा तो आपणहून म्हणाला, जा, बघून या. दोघं म्हातारे वाटेवर उभे राहिले, ज्याने त्याने आपापल्या नळावर नजर ठेवली. ब्रश डाव्या नळातून आला.

"माझ्याकडे काही नाही," सिरिल म्हणाला.

"तरी बघत राहा."

डीनने दाखला दिला आणि काजळीचं पोतं दाराशी ठेवलं. हेस्टरने शेकोटी पेटवली. सिरिल बाहेरच थांबला आणि थोड्या वेळाने खिडकीतून म्हणाला, धूर तुझ्याच नळातून येतोय, माझा स्वच्छ आहे.

हेस्टर पेन्सिल घेऊन कॅलेंडरापाशी गेली आणि थांबली. पेन्सिल खाली ठेवून तिने शाल लपेटली, आणि स्वतः बघून यायला बाहेर गेली.