चावडीतलं मोफत वाचनालय

मोफत वाचनालयांवर कुणी गोड गोड भाषण ठोकायला लागलं की माझं डोकं अजून फिरतं. मोफत कुणाला, ते आधी सांगा!

माझं माहेर सांगलीचं. तिथल्या वाचनालयात मी परकर-पोलक्यात असल्यापासून जायचे. हवं ते पुस्तक मागायचे, कुणी कपाळाला आठी घालत नसे. लग्न होऊन वडूजजवळच्या एका गावात आले. तिथंही पाटी होती, ‘मोफत वाचनालय, सर्वांस खुले’. पण वाचनालय होतं चावडीत. आणि चावडीवरून जाताना बाईमाणसानं चपला हातात घ्यायच्या, पदर पुढं ओढायचा, मान खाली घालून सटकायचं, ही गावची रीत. पाटी वाचायला मान वर करायचीसुद्धा चोरी! पेपर सरकारी खर्चानं यायचा आणि वाचायचे चावडीवरचे चारजण. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

एकाहत्तरच्या लढाईत आमचे हे सरहद्दीवर होते. पुढं ते सुखरूप आले, पण तेव्हा ते कुणाला माहीत? आम्ही गावाबाहेर मळ्यात राहायचो. पत्र नाही, रेडिओ नाही. मामंजी तेवढे रोज चावडीत जाऊन यायचे. पेपरात काय आलंय विचारलं की म्हणायचे, “बायकांनी कशाला घोर लावून घ्यायचा?” सासूबाईंनी खंडोबाला साकडं घालून अन्न सोडलं होतं. नुसत्या चहावर होत्या बिचाऱ्या.

शेवटी माझा धीर सुटला. चपलांसकट चावडीची पायरी चढले. सरपंच गडबडले. “सूनबाई, घरला जावा. काय आसंल ते सांगतो की तुमच्या मामंजींस्नी.”

“तुमचं सांगणं लय ऐकलं,” मी म्हणाले आणि समोरचा पेपर ओढला. लढाई केव्हाच थांबली होती! खालच्या शिळ्या पेपरात ती बातमी होती, एवढ्या मोठ्या अक्षरांत. तिच्यावर कुणीतरी चुन्याचं बोट पुसलं होतं.

तशीच मळ्यात आले. मामंजी जेवत होते. “लढाई थांबली, तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय की,” घास न थांबवता ते म्हणाले. “चांगलीच बातमी व्हती. वंगाळ आसती तर सांगितलीच आस्ती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बोलायच्या आत सासूबाई चुलीपुढून उठल्या. जन्मात नवऱ्यापुढं वर तोंड करून न बोललेली बाई.

“माजं प्वार हाय का गेलं म्हून मी उपाशी मरत व्हते,” त्या म्हणाल्या, “आन् तुमी माज्याच हातची भाकरी खात गप बसलावता?”

आणि मामंजींच्या पुढ्यातलं ताट त्यांनी उचलून आत नेलं.